सुटलेली वेलांटी

उत्रोलीत साधनाला नावानं हाक मारणारी माणसं दोनच, नवरा आणि सासू. बाकी गाव तिला शिकवणीच्या बाई म्हणतं. रोज संध्याकाळी दहा-बारा पोरं तिच्या पडवीत बसतात आणि ती त्यांच्या वह्यांमधले काने, मात्रा, वेलांट्या दुरुस्त करत राहते. ‘काठी’ची वेलांटी सुटली की ‘काठ’ होतो, ‘माती’ची सुटली की ‘मात’ होते, हे तिनं गेल्या चौदा वर्षांत किती पोरांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. त्याच साधनाकडून ह्या चैत्रात एक वेलांटी सुटली, आणि ती काही केल्या परत जागेवर बसवता आली नाही.

साधना मूळची वेल्ह्याकडची. डोंगराच्या पोटात नऊ घरांची वाडी, शाळेला जायचं तर ओढा ओलांडून. पुढं कॉलेजसाठी ती भोरला मावशीकडं राहिली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला लग्न ठरलं आणि तारीख निघाली ती नेमकी परीक्षेच्या आठवड्यातली. वडिलांनी हातापाया पडून ती चार दिवस पुढं ढकलली, तरी शेवटचा पेपर हळदीच्या हातांनीच द्यावा लागला. उत्तरपत्रिकेवर पिवळे डाग पडले. वर्गावरच्या बाईंनी ते पाहिलं आणि काही न बोलता तिला एक कोरा कागद हाताखाली धरायला दिला. पदवी मिळाली. बी.एड. करायचं राहिलं ते राहिलंच. “बघू, लग्नानंतर,” असं सासरच्यांनी तिला सांगितलं होतं. त्याबद्दल तिनं कुणाला बोल लावला नाही. पण लेक झाली त्या दिवसापासून एक गोष्ट तिनं मनात घट्ट धरली होती. हिचं शिक्षण मध्येच तुटू द्यायचं नाही.

ती लेक, स्नेहल, आता वीस वर्षांची. पुण्याला हॉस्टेलवर राहून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कोर्स चार वर्षांचा. हिवाळ्यात आंबवड्याचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा सोमनाथ, शिरवळच्या कंपनीत कायम झालेला, घरची शेती. तेव्हा साधनानं “शिक्षण झाल्यावर बघू,” म्हणून त्यांना चहा पाजून लावून दिलं होतं. सासूबाईंना, म्हणजे भामाबाईंना, ते मुळीच रुचलं नव्हतं. पण ह्या एका बाबतीत साधनाचं चाललं.

दुसरं चाललं ते वाफ्याचं. घरापुढचं अंगण सखल, पलीकडं भातखाचरं. पावसाळ्याचे चार महिने खाचरातलं पाणी झिरपून अंगणात येतं. दोन वर्षं दोडक्याचे आणि काकडीचे वेल मुळाशी कुजून गेले. म्हणून दिवाळीनंतर साधनानं मोरीच्या उरलेल्या विटा घेऊन गुडघाभर उंचीचा वाफा बांधून घेतला. आठ फूट लांब, तीन फूट रुंद. त्यात बांधावरची माती, शेणखत आणि गिरणीतलं भाताचं तूस भरलं. भामाबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. “भाजीला चौथरा बांधलास, आता तिच्यावर छत्र-चामर धर म्हंजे झालं,” म्हणाल्या.

छत्राची वेळ आलीच. माघात लावलेले वेल चैत्र लागेपर्यंत विटांच्या काठावरून खाली लोंबायला लागले. दुपारी विटा तापत, पानं करपून जात. साधनानं वाफ्यातच चार काठ्या खोवून सुतळी बांधली. पण वाफ्यातली माती सगळी भुसभुशीत. वारा सुटला की काठ्या कलायच्या आणि मुळं ओढली जायची. आधार द्यायचा तर खांब वाफ्याबाहेर, अंगणाच्या घट्ट जमिनीत रोवायला हवे होते, आणि वाफ्याच्या एका बाजूला भिंत असल्यामुळं जागा होती ती दारासमोरचीच. तिला माहेरचे गेनूमामा आठवले.

गेनूमामा काही तिचे सख्खे मामा नव्हेत. वाडीच्या वरच्या अंगाला शेरडं राखणारा म्हातारा. दोन फाटे असलेला खांब, ज्याला मेढ म्हणतात, ती बघावी त्यांच्याकडची. रानातून निवडून आणलेली, सोललेली, सरळ. साधनाच्या चुलतभावाचा, दत्ताचा, वेल्ह्यातून दुधाचा टेम्पो असतो. तिनं मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून त्याला निरोप पाठवला. “गेनूमामांना सांग, दारात मांडव घालायचाय. दोन चांगल्या मेढी आणि कारवीच्या काठ्यांची एक मोळी घेऊन या म्हणावं.”

गुरुवारी ती बँकेच्या कामासाठी भोरला गेली. परत आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पडवीत गेनूमामा बसले होते, धुतलेलं धोतर, नवी टोपी. त्यांच्यापुढं चहाची रिकामी कपबशी होती. तिला पाहून त्यांचा सुरकुतलेला चेहरा फुलून आला.

“तारीख कवाची धरली, पोरी?”

साधनाला कळेना. मग तिनं अंगणात पाहिलं. वाफ्याच्या कडेला, दाराच्या समोर, एक मेढ रोवलेली होती. तिला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. वरच्या फाट्यात आंब्याचा टाळा आणि उंबराची डहाळी, मध्यावर पिवळ्या फडक्याची पुरचुंडी. बुंध्याशी फुटलेल्या नारळाचं पाणी अजून वाळलं नव्हतं. वाडीत आणि आसपासच्या चार वस्त्यांत कुणाचंही लग्न निघालं की पहिली मेढ रोवायचा मान गेनूमामांचा. बावीस वर्षांपूर्वी साधनाच्या लग्नाची मेढही त्यांनीच रोवली होती.

ती वाफ्यापाशी गेली. दोडक्याचा, मामा, दोडक्याचा मांडव, असं काहीतरी बोलली. म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी एकदा मेढीकडं, एकदा वाफ्याकडं पाहिलं.

“भाजीला मांडवी म्हनत्यात गं आपल्याकडं. मांडव लग्नाचा. तू मांडव म्हनालीस.”

साधनानं मोबाईल काढून स्वतःचाच आवाज ऐकला. दोनदा ऐकला. मांडव. वाडीत लहानपणी तिनंही वेलाच्या मांडवीखाली भातुकली मांडली होती. पण उत्रोलीत लग्नालाही मांडव आणि कारल्यालाही मांडवच. बावीस वर्षांत तिची ती वेलांटी कधी गळून पडली ते तिला समजलंच नव्हतं.

मामा मेढ काढून टाकतील असं तिला वाटलं. तिनं तसं म्हटलंही. म्हाताऱ्यानं मान हलवली. “रवायला शिकलोय म्या. उपटायला मला कुणी शिकवलं न्हाई.” अक्षता पडल्याशिवाय पूजलेली मेढ हलवायची नसते, पोरीला वंगाळ, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कारव्यांची मोळी तशीच टाकून, जेवायलाही न थांबता, ते एस.टी.कडं निघाले. जाताना फाटकाशी वळून हात जोडले. म्हाताऱ्या माणसानं आपल्याला हात जोडावेत ह्यानं साधनाला आणखीच मेल्यासारखं झालं.

भामाबाई एवढा वेळ आतल्या खोलीत होत्या. ही मेढ भाजीसाठी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळीच दोघींचं त्यावरून बोलणं झालं होतं. मग मामा नारळ फोडत असताना तुम्ही बोलला का नाहीत, असं साधनानं विचारलं.

“मला काय ठावं?” भामाबाई शांतपणे म्हणाल्या. “मानूस तुझ्या म्हायेरचं, निरोप तुझा. म्या म्हनलं, सूनबाईनं मनाशी काही ठरवलं आसंल. आमाला कोन सांगतंय.” आणि थोडं थांबून, जरा मऊ आवाजात, “दारात मेढ चालत आली, साधना. आपून आणली न्हाई. देवालाच वाटत आसंल.”

संध्याकाळी शिकवणीची पोरं आली ती आधी मेढीपाशी थांबून, मग वह्या काढून बसली. त्यांच्याकडून बातमी घरोघर गेली. इंद्रजित, साधनाचा नवरा, शिवऱ्याला हायवेवर गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात असतो. त्याला घरी पोचायच्या आधीच रस्त्यात तिघांनी अभिनंदन केलं होतं. माणूस तसा भला, पण आई आणि बायको ह्यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला हमखास कुठलंतरी काम आठवतं. तो मेढीभोवती एक फेरी मारून आला आणि आपलं म्हणून एक तोड सुचवली. तुळशीचं लग्न हिच्यापुढं लावून टाकू, अक्षता त्याही अक्षताच.

“कार्तिकात?” भामाबाई म्हणाल्या. “तवर लग्नाची मेढ पावसात भिजत ठिवतोस व्हय?”

तो मोटारसायकलची साखळी बघायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे उठायच्या आत, साधना अंगणात गेली. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. शिकवणीच्या पोरांना ती ग्रहणाचा धडा चित्र काढून समजावते. तिनं दोन्ही हातांनी मेढ धरली. मामांनी हातभर खड्डा घेऊन चांगले दगड ठासले होते, तरी नेट लावला असता तर ती हलली असती. आणि तेवढ्यात तिला सहा वर्षांची स्नेहल आठवली. टायफॉईडनं सुकलेली, भोरच्या दवाखान्यातल्या खाटेवर, सलाईनच्या हाताखाली चिंध्यांची बाहुली ठेवलेली. पोरीला वंगाळ. साधनाचे हात सुटले. बी.ए. झालेली बाई, स्वतःच्या दारातला एक सोट तिला उपटता येईना. ती तिथंच विटांच्या काठावर बसून राहिली. तिच्या पायाशी काकडीचा शेंडा आधार शोधत जमिनीवर वळवळल्यासारखा पडला होता. तो उचलून मेढीला लावावा म्हणून तिनं हात पुढं केला, तर दारातून भामाबाईंचा आवाज आला, “लग्नाच्या मेढीवर काकडी चढवू नगंस.”

आंबवड्याला बातमी पोचायला दोन दिवस लागले. सोमनाथच्या आईचा, मोहिनीबाईंचा, फोन आला. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. आम्हाला शिक्षणाचं कारण सांगितलंत आणि दुसरीकडं जमवलंत, असं त्यांना वाटत होतं. फोन भामाबाईंनी घेतला होता. कुठं जमवलेलं नाही, तुमचीच वाट बघतोय, पुढच्या रविवारी पोरगी बघायला या, असं त्यांनी सांगून टाकलं. साधना चुलीशी उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातली पोळी करपली. इंद्रजित म्हणाला, “बघायला काय जातंय? येऊ दे, बघू दे.” बघू. तो शब्द तिच्या ओळखीचा होता.

तिनं स्नेहलला फोन केला. सगळं सांगितलं, वेलांटीसकट. पोरगी भडकेल, येणारच नाही म्हणेल, आणि मग आपल्यालाही जोर येईल, अशी तिची अपेक्षा होती. स्नेहल एवढंच म्हणाली, “शनिवारी येते.”

ती आली आणि पिशवी ठेवून थेट वाफ्याकडं गेली. वेलांची दशा बघून तिनं कुणाला काही विचारलं नाही. कारव्यांची मोळी सोडली, दुसरी मेढ कोपऱ्यात पडलेली होती ती आणून खड्डा घ्यायला लागली. साधनाही पुढं झाली. दोघींनी मिळून ती वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला, विटांबाहेर, जमिनीत पक्की केली. दोन्ही मेढींच्या फाट्यांत आडवा बांबू टाकला. त्यावरून वाफ्यात तिरक्या उतरणाऱ्या कारव्या एक एक वितीवर बांधत गेल्या. स्नेहलची गाठ वेगळी होती, चपटी, न काचणारी. बँडेजची. वेल उचलून कारवीला टेकवताना ती देठाखाली बोट धरायची. भामाबाई उंबऱ्यातून बघत होत्या. सुनेला बोलल्या असत्या, नातीला बोलल्या नाहीत.

“तू नको म्हण,” साधना हळूच म्हणाली. “तू म्हणालीस तर पप्पा ऐकतील.”

स्नेहल सुतळी दातानं तोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“आई, लग्न झालं तर परत हॉस्टेलला जावं लागणार नाही ना?”

साधनाच्या हातातली कारवी तशीच राहिली. मग तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पहिल्या वर्षाचा एक पेपर राहिला होता, जानेवारीपासून तिनं तो लपवून ठेवला होता. आता जूनमध्ये दुसऱ्या वर्षाबरोबर तोही द्यायचा. वॉर्डात एक आजी होत्या, रोज हिचा हात धरून ठेवायच्या. एका सकाळी खाट रिकामी दिसली आणि हिला कुणी सांगितलंही नाही. तेव्हापासून वॉर्डाच्या दारात पाय टाकायच्या आधी ही बाहेरच घुटमळते. कोर्स सोडायचाय का, तर तेही ठाऊक नाही. फक्त सोमवारी परत जायचं म्हटलं की झोप येत नाही.

साधना आठवडाभर एकाच दाराला पाठ लावून उभी होती, कुणी ढकलून आत येऊ नये म्हणून. आणि आतून लेकच दाराशी आलेली. जा म्हणावं तर कुठल्या तोंडानं, जाऊ नको म्हणावं तर पुढं काय. तिनं स्नेहलच्या पाठीवर हात ठेवला. मग काम राहिलं होतं म्हणून दोघी उरलेल्या कारव्या बांधत राहिल्या.

रविवारी पाहुणे आले. मोहिनीबाई, त्यांचे मालक आणि सोमनाथ. माणसं वाईट नव्हती, हेच साधनाला जड गेलं. सोमनाथ मान खाली घालून बसला होता आणि पोह्यांची बशी त्यानं स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवली. मोहिनीबाईंनी स्नेहलला शेजारी बसवून घेतलं. मेढ रवलीच आहे तर वैशाखातच उरकून घेऊ, त्या म्हणाल्या, पावसाच्या तोंडावर नको. शिक्षणाचं काय, असं इंद्रजितनं चाचरत विचारलं. “बघू की,” मोहिनीबाई म्हणाल्या. “तिची इच्छा आसंल तर आमी का आडवू?” त्या ते मनापासून म्हणत होत्या. साधनाच्या सासरच्यांनीही मनापासूनच म्हटलं होतं.

मग इंद्रजितनं, कधी नव्हे ते, लेकीकडं वळून विचारलं. “स्नेहल, तुझं काय म्हणणं?”

स्नेहलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आई म्हणेल तसं.”

सगळी माणसं साधनाकडं बघायला लागली. गेले दहा दिवस आपल्याला कुणीतरी विचारावं म्हणून ती तडफडत होती, आणि आता विचारलं तर हो की नाही, दोन्हीची भीती वाटायला लागली. नाही म्हटलं आणि पोरीला काही झालं तर? हो म्हटलं आणि बावीस वर्षांनी हीसुद्धा अशीच कुणाच्या तरी वह्या तपासत बसली तर? आणि पोरगी खरंच सुटका मागत असली तर ती अडवणारी आपण कोण?

“जूनमध्ये तिचे पेपर आहेत,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “ते होईपर्यंत मी तारीख धरू देणार नाही.”

मोहिनीबाईंनी बशी खाली ठेवली. “मग, बाई, मेढ कशाला रवली?”

साधनानं वेलांटीचं सांगावं म्हणून तोंड उघडलं. त्यांना काय सांगणार होती? “चुकून,” एवढंच म्हणाली.

“मेढ चुकून रवत्यात व्हय कुठं,” मोहिनीबाई म्हणाल्या. त्यांना ती थट्टा वाटली असावी, की अपमान, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी चहा संपवला, पिशवी उचलली. कळवतो म्हणाल्या. सोमनाथनं निघताना सगळ्यांना वाकून नमस्कार केला. त्या दिवशी भामाबाईंनी साधनाच्या हातचं पाणी घेतलं नाही. स्नेहल साडी सोडून, घडी घालून, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ती झोपली होती की रडत होती हे साधनाला दारातून ठरवता आलं नाही, आणि आत जायचा धीर झाला नाही.

सोमवारी सकाळी ती स्नेहलला सोडायला भोरच्या स्टँडवर गेली. स्वारगेटची गाडी लागायची होती. बाकावर दोघी बसल्या. मध्ये पिशवी.

“मी नको म्हणाले, त्याचा तुला राग आला का?”

“माहीत नाही.” स्नेहल समोरच्या फलकाकडं बघत होती. “मला हो पण म्हणायचं नव्हतं आणि नाही पण. म्हणून तुझ्यावर टाकलं.”

“पेपरला बसशील ना?”

“बसेन. निघेल का, ते नको विचारूस.”

गाडी लागली. गर्दीत घुसून स्नेहलनं खिडकीची जागा धरली. साधना खिडकीखाली उभी राहिली. तिला सांगायचं होतं की पेपर नाही निघाला तरी चालेल. आणि लगेच असंही सांगायचं होतं की नाही, निघायलाच हवा. त्या आजींबद्दल विचारायचं होतं, नाव काय होतं त्यांचं. रात्री झोप आली नाही तर फोन कर, कितीही वाजता कर, हे सांगायचं होतं. कंडक्टरनं घंटी वाजवली, गाडी मागं सरली. स्नेहलनं निरोपाला हात बाहेर काढला.

“हात आत घे,” साधना म्हणाली. “गाडी वळतीये.”

वीस वर्षांच्या पोरीनं हात आत घेतला.